एव्हरफॉलच्या गव्हर्नरांस कल्याणच्या करदात्याचे अनावृत पत्र

कल्याण (पश्चिम),
30 ऑक्टोबर 2021

मा. गव्हर्नरसाहेब,
मौजे एव्हरफॉल, बेट एटर्नम.

स. न. वि. वि.

आपण मला ओळखत नाही. आपल्या हद्दीत घर घेऊन राहिलेला मी एक साधा करदाता. 'न्यू वर्ल्ड' हा खेळ 28 सप्टेंबरला बाजारात आला. जाहिरातीत शापित बेट होतं, भुतं होती, जादू होती, तोफा होत्या. हजारो अनोळखी माणसांनी एकाच बेटावर आपापलं पात्र घेऊन उतरायचं आणि पराक्रम गाजवायचा, असा एकूण बेत. महिनाभर राहून माझं मत पक्कं झालं आहे की ही एक महापालिका आहे, आणि तीही निवडणूक न झालेली. त्यामुळे कल्याणच्या माणसाला आपल्याकडे परकं म्हणून वाटत नाही. याबद्दल आधी आभार मानतो, मग गाऱ्हाण्याकडे वळतो.

सुरुवात प्रवेशापासूनच झाली. पहिल्याच आठवड्यात जगभरातून एका वेळी 9 लाखांवर माणसं आत आली. तिकडे आपल्या एकेका जगाची, म्हणजे सर्व्हरची, क्षमता साधारण 2,000 माणसांची. उरलेल्यांनी बाहेर थांबायचं. पडद्यावर रांगेतला नंबर दिसायचा, तो हजारांत असायचा आणि मुंगीच्या पावलानं खाली यायचा. अमेरिकेत आणि युरोपात लोक चिडले, खेळाच्या दुकानात शिव्यांचे शेरे लिहून मोकळे झाले. लहान आहेत अजून. आमच्याकडे या ऑगस्टपासून लोकलचा पास हवा असेल तर लशीचे दोन डोस, त्यावर 14 दिवस, मग क्यूआर कोड, मग खिडकी. एवढं केल्यावर सकाळच्या फास्टमध्ये पाय ठेवायला मिळेल याची हमी कुणी देत नाही. आपल्या रांगेत निदान कुणी कोपर मारत नाही.

आत शिरलेला माणूस मग बाहेर पडायलाच तयार होईना. नुसतं उभं राहणाऱ्याला बाहेर काढतात असं कळल्यावर लोकांनी बटण दाबून ठेवलं, आपला शूर योद्धा भिंतीकडे तोंड करून चालत ठेवला आणि स्वतः जेवायला गेले. जागा धरून ठेवण्याचं हे कसब कर्जत लोकलच्या बाहेरही जाणतात, हे मला ठाऊक नव्हतं.

बेटावर येतो तो प्रत्येक जण जहाज फुटून येतो. काळ सतराव्या शतकाचा, हातात ठासणीची बंदूक, डोक्यात सोनंनाणं आणि अमरत्व. पण या दर्यावर्द्यांतल्या एकालाही पोहता येत नाही! पाण्यात उतरला की तळावरून चालू लागतो, आणि दम संपला की मरतो. साहेब, त्याच शतकात, 1657 साली, शिवाजी महाराजांनी कल्याण घेतलं आणि दुर्गाडीच्या पायथ्याशी खाडीत आरमाराची जहाजं बांधायला काढली. कामाला पोर्तुगीज कारागीरही लावले होते. म्हणजे आपल्या कथेचा काळ आणि आमच्या खाडीचा काळ एकच. आपल्या बेटावर तर म्हणे चारी दिशांची जहाजं येऊन आदळतात. त्यात एखादं मराठी गलबत आदळवायला हरकत नव्हती. निदान बाकीच्यांना पोहायला शिकवलं असतं.

असो. काठावर उतरल्यावर पराक्रम सुरू होईल असं वाटतं. होतं काय, की गावच्या चौकात एक फलक असतो आणि त्यावर नागरिकांसाठी कामं लिहिलेली असतात. इतकं लाकूड आणा, इतकं कातडं कमवून आणा, शिधा रांधून आणा, बाण करून द्या. ही सगळी गावच्या विकासाची कामं. ती केली की गावची भट्टी, सुतारशाळा, लोहारशाळा एकेक पायरी वर चढते. श्रमदान आमचं आणि 'माननीय गव्हर्नरांच्या प्रयत्नांतून' ही पाटी आपली. तरीही वेगाचं कौतुक केलंच पाहिजे. आमचा पत्रीपूल नोव्हेंबर 2018 मध्ये पाडला आणि त्या जागी नवा पूल जानेवारी 2021 मध्ये सुरू झाला. तेवढ्या काळात आपल्या फलकावर अख्खं डोंबिवली नव्यानं उभं राहिलं असतं.

आणि खरं सांगू का, हे लाकूड तोडणंच या खेळातली सर्वांत सुंदर गोष्ट आहे. कुऱ्हाडीचा घाव बसतो, त्याचा आवाज झाडाझाडांतून घुमत लांबवर जातो. दूर कुणीतरी दुसराही तोडत असतो, त्याचे घाव आपल्याला ऐकू येतात. शेवटी खोड करकरतं आणि झाड भुईवर येतं. ज्यानं हे आवाज टिपले त्याला माझा दंडवत. राक्षस मारायची कामगिरी मात्र पुन्हा पुन्हा तीच. त्या पडक्या वस्तीत जा, दहा मुडदे मारा, चार पेट्या उघडा, परत या. पुढच्या वस्तीत पुन्हा तेच मुडदे, पेट्याही त्याच. जायचं तेही पायी, कारण बेटावर घोडा नाही, गाढव नाही, शेअर रिक्षाही नाही. झटकन पोचायचं तर अ‍ॅझॉथ नावाचं द्रव्य मोजावं लागतं. पाठीवर ओझं जास्त असेल तर भाडंही जास्त. सामानाचे वेगळे पैसे घेणारा रिक्षावाला एटर्नमला आधीच पोचला होता, फक्त रिक्षा मागे राहिली.

आता कराचा विषय. आपल्याकडे काही घडवलं तर कर, कच्चा माल शुद्ध केला तर कर, बाजारात विकलं तर कर. मालमत्ता कर तर दर पाच दिवसांनी! वर्षातून एकदा येणाऱ्या घरपट्टीला नावं ठेवणाऱ्या माझ्या शेजाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगतो. कर थकला की घराचे फायदे बंद. दर ठरवणार आपण आणि पैसा जाणार आपल्या मंडळीच्या तिजोरीत. त्यातला किती भट्टीवर खर्च झाला आणि किती आपापसांत वाटला गेला, याचा हिशेब चौकात कुठेही लागलेला दिसत नाही. आमच्याकडे लेखापरीक्षण असतं. त्यातले आक्षेप वर्षानुवर्षं तसेच राहतात ही गोष्ट वेगळी, पण असतं. व्याज माफ करणारी अभय योजनाही असते. आपण ती कधी जाहीर करता, हे कळवावं.

आपण खुर्चीवर आलात कसे, तेही पाहिलं. मतपेटी बेटावर नाहीच. आपली 50 माणसं आणि समोरची 50 माणसं ठरल्या वेळी गढीपाशी जमली, अर्ध्या तासात निकाल लागला आणि आपण गव्हर्नर झालात. बाकी गाव तेव्हा लाकूड तोडत होतं. आम्हाला हसायचा अधिकार नाही. कल्याण-डोंबिवलीतल्या नगरसेवकांची मुदत नोव्हेंबर 2020 मध्ये संपली, तेव्हापासून प्रशासकच कारभार बघतात. त्यांना निदान रात्री हातोडा घेऊन गढी राखायला उभं राहावं लागत नाही.

या लढायांविषयी बाहेर जे ऐकू येतं ते गंभीर आहे. खेळाची चौकट माऊसनं धरून पडद्यावर इकडेतिकडे हलवत राहिलं की लढवय्या अमर होतो आणि मोक्याच्या जागी ठाण मांडून बसतो, असा दोष याच महिन्यात उघडकीला आला. लढाईच्या आदल्या दिवशी विरोधकांविरुद्ध घाऊक तक्रारी करून त्यांना खेळातून निलंबित करवलं जातं, असाही खेळाडूंचा आरोप आहे. निवडणुकीच्या तोंडावर तडीपारीच्या नोटिसा निघताना पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. पण एका बाबतीत आपला कायदा आमच्याहून कडक आहे. हिरवा, जांभळा आणि पिवळा असे आपले तीन पक्ष, आणि एकदा पक्ष बदलला की पुढचे 120 दिवस बदलता येत नाही. 2019 च्या नोव्हेंबरात आमच्या राज्यात अख्खं सरकार 80 तासांत येऊन गेलं. हा नियम मराठीत करून विधान भवनाकडे पाठवावा.

खेळ घ्यावा का, असं गल्लीतली पोरं विचारतात. सुमारे 40 डॉलर एकदाच मोजायचे, मासिक वर्गणी नाही, संगणकात 50 जीबी जागा मोकळी हवी. जुलैच्या चाचणीत काही जणांची दीड हजार डॉलरची ग्राफिक्स कार्डं जळाली होती, पण त्यांतला एकही कार्डवाला आमच्या गल्लीत राहत नाही. दोस्तांचं टोळकं असेल तर घ्या. एकट्यानं जाणार असाल तर सरपणाची हौस पाहिजे.

शेवटची विनंती आपल्या अधिकारातली नाही, ती योग्य मार्गे वर पाठवावी. या खेळात वार येताना पाहून वेळेवर बाजूला लोळण घ्यावी लागते, क्षणाचा उशीर चालत नाही. सर्व्हर मात्र अमेरिकेचे दोन किनारे, ब्राझील, मध्य युरोप आणि ऑस्ट्रेलिया इथेच आहेत. कल्याणमध्ये घेतलेली लोळण मध्य युरोपात पोचेपर्यंत अस्वलाचा पंजा बसून गेलेला असतो. ज्या ॲमेझॉननं हा खेळ काढला, त्याच कंपनीची संगणकांची कोठारं मुंबई विभागात जून 2016 पासून चालू आहेत. जागा शोधायची नाही, वीजजोडणीला अर्ज करायचा नाही. तिथे एक सर्व्हर लावावा. तो लागेपर्यंत पुढचा मालमत्ता कर मी भरणार नाही. नोटीस खुशाल दारावर चिकटवा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक करदाता