एल्क आमचा, रांग तुमची

म्हाडाच्या सोडतीत दहा वर्षं अर्ज भरून ज्याला घर लागलं नाही, त्याला वायोमिंगमध्ये शिकारीला निघालेला परराज्यातला अमेरिकन लगेच कळेल. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली पुढे शिकारच बंद झाली आणि निदान ही एक रांग टळली.

एल्क म्हणजे आपल्या सांबराचा धिप्पाड भाऊ. त्याच्या शिकारीचा परवाना स्थानिकाला ५७ डॉलरला, बाहेरच्याला ६९२, तोही सोडतीत नंबर लागला तर. शिवाय १,९५० डॉलरचा 'स्पेशल' अर्ज आहेच. जनावर तेच, जंगल तेच, फक्त त्या रांगेत गर्दी कमी. थोडक्यात, तत्काळ! नंबर नाही लागला, तर ५२ डॉलरला एक पॉइंट घ्यायचा आणि पुढच्या वर्षी पुन्हा उभं राहायचं. लागोपाठ दोन वर्षं विसरलात की साठवलेले सगळे पॉइंट बुडीत. विमावाले निदान हप्त्याची आठवण तरी करतात. बरं, पॉइंट जास्त तेवढा नंबर पुढे, म्हणून ते सगळेच साठवतात. त्यामुळे तुमचे आठ होईतो चांगल्या भागाचा भाव दहा पॉइंटांवर गेलेला असतो. पोराच्या बारशाला रांग धरलेला बाप मुंजीलाही रांगेतच.

आणि समजा, लागला परवाना. तिथली बरीचशी रानं केंद्र सरकारची, म्हणजे साऱ्या देशाची. त्यातलं जनावर मात्र राज्याचं. वायोमिंगच्या राखीव 'विल्डरनेस'मध्ये बाहेरचा माणूस गळ घेऊन एकटा जाऊ शकतो, तंबू ठोकून अस्वलांच्या शेजारी घोरू शकतो. पण एल्कसाठी बंदूक खांद्याला लावली, की हा बिचारा वाट चुकेल अशी राज्याला काळजी वाटू लागते. मग परवानाधारक गाइड हवा, नाहीतर रीतसर कागद केलेला ओळखीचा स्थानिक तरी. गळवाला हरवला तर हरवू दे.

कोर्टात जाऊनही पाहिलं लोकांनी. शेजारच्या मोंटानात स्थानिकाला एल्क ९ डॉलरला पडायचा, तर बाहेरच्याला नको असलेल्या जनावरांसकट २२५ डॉलरचा गठ्ठा घ्यावा लागायचा. १९७८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने निवाडा दिला, त्याचा मथितार्थ असा: हा खेळ आहे, पोटाचा प्रश्न नाही, राज्याने भेदभाव केला तर चालेल.

त्याच मोंटानाने २०१३ मध्ये रानमेंढ्याच्या एका परवान्याचा लिलाव केला. बोली गेली ४ लाख ८० हजार डॉलरवर. पैसा मेंढ्यांच्याच भल्यासाठी, हे खरंच. ना सोडत, ना पॉइंट. आणि बोली लावणाऱ्याला अधिवासाचा दाखला कुणी मागितला नाही.