गुरुजींच्या हातचा जन्म

१ जूनचा दिनविशेष लिहिणाऱ्याला फार डोकं खाजवावं लागत नाही. १९२६ साली या तारखेला लॉस एंजेलिसमध्ये मेरिलिन मन्रो जन्मली. १९२९ साली नर्गिस जन्मली, आणि अगदी त्याच दिवशी कोल्हापुरात शांताराम, दामले, फत्तेलाल या मंडळींनी प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३० साली दख्खनची राणी धावू लागली. १९४८ साली पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी सुटली. सांगाडा लाकडी आणि वर कापडाचं छत. राणीचा वाढदिवस अजून पुणे स्टेशनावर केक कापून साजरा होतो. गाडीला केक खाता येत नाही, ही अडचण प्रवासी मिळून सोडवतात.

एवढं सगळं येतं, पण महाराष्ट्रातली १ जूनची सर्वांत मोठी घटना या यादीतून दरवर्षी सुटते. आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीतली वाट्टेल तेवढी माणसं याच दिवशी जन्मली आहेत. सरपंच, तलाठी, प्राध्यापक, आमदार, कुणाचाही शाळा सोडल्याचा दाखला काढा. आणि यातली बहुतेक घरी किंवा दवाखान्यात जन्मलेलीच नाहीत. ती हेडमास्तरांच्या टेबलावर जन्मली.

त्या बाळंतपणाची रीत ठरलेली होती. बाप पोराला बखोटीला धरून शाळेत आणी. गुरुजी विचारीत, “जन्म कधीचा?” बाप टोपी मागे सारून सांगे, “वढ्याला लई पाणी आल्यालं बगा, त्याच्या फुडल्या साली. बेंदराच्या आदी.” एवढ्या पुराव्यावर नोंदवही भरत नसते. मग गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावीत. कान हाताला लागला, म्हणजे सहावं सरलं. मग वर्ष मागे मोजायचं, आणि शाळा जूनमध्ये उघडते म्हणून महिना जून, तारीख पहिली. दौत, टाक, टीपकागद, जच्चा-बच्चा सुखरूप. अमेरिकेत गेलेल्या कितीतरी सोमाली आणि अफगाण निर्वासितांच्या कागदांवर अशीच सरसकट १ जानेवारी पडली आहे. तिथल्या साहेबाला नवीन वर्ष आठवलं, आमच्या गुरुजींना पटसंख्या.

या प्रसूतीचे चमत्कारही मोठे. एकाच घरातल्या तीन भावांत बरोबर दोन-दोन वर्षांचं अंतर, दिवसाचाही फरक नाही. कुटुंबनियोजनवाल्यांनी घरी येऊन सत्कार करावा अशी शिस्त! फ्लेक्सवाल्यांचा तर हा पोळाच. चौकातल्या एकाच खांबावर तीन पक्षांचे तीन ‘भाऊ’ एकाच दिवशी वाढतात, आणि कार्यकर्त्याला तिन्ही हारांचा खर्च करावा लागतो. भाऊंची आई मात्र शेजारणीला सांगत असते, “ह्यो पौषातला. थंडीनं काकडत हुता.” आईकडे दाखला नसल्यामुळे तिचं म्हणणं ग्राह्य धरता येत नाही. ज्योतिषीही दाखल्यालाच मानतो. गुरुजींच्या तारखेवरून पत्रिका मांडतो, साडेसाती काढतो आणि दक्षिणा घेतो. ती साडेसाती बरोबर लागू पडते, हे विशेष.

गुरुजींच्या टाकाचा खरा फटका बसतो अठ्ठावन्नाव्या वर्षी. सरकारी नियमाप्रमाणे माणूस ज्या महिन्यात वय पूर्ण करतो त्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. पण जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याच्या अखेरीस. म्हणून ३१ मे रोजी ऑफिसंच्या ऑफिसं रिकामी होतात. एकाच सभागृहात पाठोपाठ चार निरोप समारंभ, तेच अध्यक्ष, तेच भाषण, फक्त नाव बदलायचं. शाली संपतात, मग नारळावर भागवतात.

आस्थापनेतल्या जाणत्या कारकुनाने एकाला हिशेब मांडून दाखवला. गुरुजींनी एकाऐवजी दोन जून लिहिलं असतं, तर ३० जूनपर्यंत नोकरी. म्हणजे महिन्याचा अख्खा पगार वर. शिवाय ३० जूनला सुटणाऱ्याला १ जुलैच्या वेतनवाढीसाठी भांडता तरी येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये वर्षभराच्या कामाची अशी वाढ देणं योग्य ठरवलं. ३१ मेवाल्याला भांडायलाही जागा नाही. एका आकड्यापायी एवढं गेलं! गृहस्थ जे तापले, ते थेट गुरुजींचं घर शोधत निघाले. वाटेत जुना वर्गमित्र भेटला, तोही परवाच निवृत्त झालेला. त्याने हाताला धरून थांबवलं. म्हणाला, “जाऊन काय करशील? त्यांचं सर्व्हिस बुक मी बघितलंय. जन्म एक जून. ३१ मेलाच गेले तेही.”