शब्द टाकणारे मामा

मामा कोणाचेच सख्खे मामा नाहीत. तरी आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतली निम्मी पोरं त्यांनीच मार्गी लावली, असं निदान त्यांचं म्हणणं आहे. पोराचा निकाल लागला की आईबाप पेढे घेऊन आधी मामांकडे. मामा मार्कशीट उघडतसुद्धा नाहीत. "आजोळ कुठलं?" संगमेश्वर म्हटलं की झालं. "म्हणजे आमच्या साडूच्या भावजयीचं माहेर! तिचा दीर बँकेत आहे." मग डायरी निघते. तिच्यात नावं आडनावाने नाहीत, कामाने आहेत: 'गॅस', 'पासपोर्ट', 'हॉस्पिटल – खाट'.

हे घराण्यातच आहे. आजोबा परळच्या गिरणीत जॉबर. सकाळी फाटकाशी बदलीवाले ताटकळायचे. त्यातला गाववाला कोण, पाहुण्यातला कोण, हे बघून जॉबर आत घ्यायचा आणि वर दस्तुरी उकळायचा. मामा दस्तुरीला शिवत नाहीत. ते फक्त श्रेय घेतात. तळमजल्यावरचा मुलगा स्वतःच्या हिमतीवर एमपीएससी पास झाला, तर म्हणाले, "मी शब्द टाकला नव्हता ना, म्हणून दोन खेपा लागल्या."

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली निबंध लिहून मांडलं, की नोकरीची खबर जिवलगांपेक्षा लांबच्या ओळखीतून जास्त मिळते. जिवलगांना जे ठाऊक, ते आपल्यालाही ठाऊक असतंच. हे मामांच्या कानावर घातलं. "मग साडूच्या भावजयीचा दीर काय जवळचा आहे?" एवढंच बोलून त्यांनी चहा मागवला.

खरी पंचाईत नोकरी सोडताना होते. वरच्या मजल्यावरच्या मुलीला दुसरीकडे दीडपट पगार मिळत होता. मामा दोन दिवस धड जेवले नाहीत. "मी तिथे तोंड कसं दाखवू?" शेवटी राजीनाम्याचा ईमेल त्यांनी स्वतः तपासला, खाली 'आपला स्नेह आहेच, तो वृद्धिंगत व्हावा' हे वाक्य घातलं, तेव्हा कुठे तो साहेबाकडे गेला.

परवा तीच मुलगी सांगत होती, की नव्या कंपनीत ओळखीचा माणूस आणून दिला आणि तो टिकला, तर रेफरल बोनस मिळतो. रोख, पगारात जमा. मामा बराच वेळ गप्प. मग चष्मा पुसत विचारलं, "मागची थकबाकी देतात का गं?"