सगळेच पाहुणे

निसर्गाच्या कुशीत जायचं म्हणून माणूस घरातून निघतो आणि धरणाच्या कुशीत जाऊन बसतो. भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी, कौलारू खोलीच्या ओसरीवर टेकलं, की पलीकडचे डोंगर पाण्यात पाय सोडून बसलेले दिसतात. हे पाणी सृष्टीच्या आरंभापासून इथं असंच पसरलं असावं, असं वाटतं. असतं मात्र ते १९२६ साली पुऱ्या झालेल्या विल्सन धरणानं अडवलेलं. प्रवरा बिचारी रतनगडावरून गोदावरीच्या भेटीला निघालेली. वाटेत इंजिनिअर मंडळींनी ‘बसा हो, जाल सावकाश’ म्हणून जो आग्रह केला, तो अजून संपलेला नाही.

गळ टाकून बसलेल्याला विचार करायला भरपूर सवड मिळते. मासे सहसा व्यत्यय आणत नाहीत. मोरपिसाचा देठ पाण्यावर उभा तरंगत असतो, तंगूस बोटावरून सैल लोंबत असतो, आणि हळूहळू ध्यानात येतं, की इथं जो तो बाहेरगावचा. धरणाधरणांतून सोडला जाणारा कटला मूळचा गंगेकडचा. त्याची बोटुकली आणून सोडली, म्हणून तो दख्खनचा रहिवासी झाला. चिलापी तर थेट आफ्रिकेची. १९५२ साली ती भारतात आली आणि चार दिवसांसाठी आलेल्या आत्याबाईंसारखं तिनं घरच ताब्यात घेतलं. हातातली काठी चीनची, काठी धरणारा पुण्याचा.

अस्सल इथला म्हणावा असा एकच जीव या मेळ्यात सापडतो : मागच्या परसात, शेणखताच्या ओल्या ढिगाखाली जन्मलेलं गांडूळ. आणि नेमकं तेच आपण गळाला लावतो. चिमटीत धरलं, की ते अंगावरच्या मातीसकट बोटाला वेटोळं घालतं. इतक्या विश्वासानं हल्ली कुणी आपला हात धरत नाही.

शेळ्या राखणारी एक आजी येता-जाता चौकशी करते. ‘‘गावलं का काय, बाबा?’’ रिकामा गळ वर करून दाखवला, की समाधानानं मान हलवते. ‘‘बरं झालं. त्याचं तरी पोट भरलं.’’ माशाचीही काळजी वाहणाऱ्या त्या माउलीनं गांडुळाची बाजू मात्र कधी घेतली नाही. पंगतीत यजमान जेवला का, हे कोण विचारतो?

हल्ली मी कणकेची गोळी लावतो. या भाताच्या मुलखात गहूही तसा बाहेरचाच. पाहुण्यांनी पाहुण्यांचं आपसात बघून घ्यावं, हे बरं.