साधं काहीतरी

आत्याच्या मते प्रवासाच्या दहीभातात दही घालायचंच नसतं. भातात भरपूर दूध ओतायचं, विरजणापुरतं चमचाभर दही लावायचं आणि निघायचं. वाटेत तो आपला आपण लागतो आणि जेवायच्या वेळेला गोड दहीभात तयार. शास्त्र बिनचूक आहे. फक्त आत्या ते शिकली एसटीच्या लाल डब्यात, खिडकीशी डबा मांडीवर धरून. आमचा डबा होता मे महिन्यात गाडीच्या डिकीत. पुण्याहून सहाला निघायचे ते आठला निघालो, रांजणगावला गणपतीची रांग लागली, सुप्याला चहा झाला. केडगावला डिकी उघडली तेव्हा डब्याचं झाकण आपणहून वर उचललेलं होतं. मागोमाग जो वास आला, त्याने शेजारी उसाचा रस पिणारे एक गृहस्थ ग्लाससकट दोन पावलं मागे सरले.

शिर्डी अजून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर, गाडीत सात माणसं, त्यात दोन पोरं.

"नागापूरला भाचा आहे की!" बायको म्हणाली. "त्याच्याकडे साधं काहीतरी टाकू."

'साधं काहीतरी' हे शब्द कानावर पडले की मी हल्ली आधी चपला शोधतो. वाण्याकडे मलाच जावं लागतं.

नागापूर म्हणजे एमआयडीसी. मनमाड रस्त्याला सीनेचा पूल ओलांडला (मे महिन्यात पूल तेवढा ओलांडायचा, नदी असते नावापुरती) की कंपन्या सुरू, आणि कंपन्यांच्या आधाराने भाड्याच्या खोल्या. भाच्याची खोली पत्र्याची. आत एक शेगडी, पाच किलोची टाकी, कुकर आणि कुलर. त्याने दारातच ओठांवर बोट ठेवलं. शेजारचे थर्ड शिफ्ट करून झोपले होते. मधली भिंत एका विटेची, तीही पत्र्याच्या वीतभर खाली थांबलेली. त्यांची झोपमोड नको म्हणून या गुणी पोराने कुकरची शिटी काढून ट्रंकेत ठेवून दिली होती.

"मग जेवतोस काय?"

"मेसचा डबा, मामा. आठ महिने झाले."

आत्याने डबे हुडकले. एकात भाच्याच्या आईने पाठवलेलं हुलग्याचं पीठ निघालं आणि आत्याचा चेहरा उजळला. ती मूळची नगरकडची. "शेंगोळे! एका पातेल्यात होतात. पोळी नको, भात नको."

"आत्या, हुलगा उष्ण हो," बायको कुजबुजली.

"घाम फुटला की अंग गार पडतं," आत्याही कुजबुजली.

मी कोथिंबीर आणायला गेलो. नागापुरात दुपारी साडेबाराला कोथिंबीर मागणाऱ्या माणसाकडे दुकानदार ज्या नजरेने बघतो, ती मी विसरणार नाही. परतलो तेव्हा आत्या घडी घातलेल्या टॉवेलवर भरल्या तांब्याने लसूण-मिरची ठेचत होती. प्रत्येक धप्प झालं की सगळे भिंतीकडे बघत. मग त्यात जिरं, थोडं ज्वारीचं, थोडं गव्हाचं पीठ घालून गोळा मळला आणि सगळ्यांच्या तळहाताला तेल लावलं. बोटाएवढी वळी करायची आणि टोकं चिकटवून कडं करायचं. एवढंच. मेव्हण्यांचं प्रत्येक कडं सुटून सरळ होत होतं. धाकट्याने स्वतःच्या नावाचं आद्याक्षर वळलं आणि ते मोडेल म्हणून कुणालाच हात लावू देईना.

खरी अडचण पुढेच होती. कुलर लावला की गॅस विझे. गॅस लावायचा तर कुलर बंद, आणि कुलर बंद केला की पत्रा खाली उतरल्यासारखा वाटे. मेव्हण्यांनी मोबाइल काढला. "इथे फराहबाग आहे. १५८३ साली पुरा झाला. चहूकडे पाणी, मधे महाल. तिकडे बसू या."

"तळं कोरडं आहे," भाचा म्हणाला.

मग ते म्हणाले, दारं-खिडक्या घट्ट लावा, एसीसारखं गार होईल. मेव्हणे मुंबईचे. कुलर ही कोरड्या मुलखाची वस्तू आहे, हे मुंबईकराला पटवता येत नाही. बाहेरची सुकी हवा ओल्या वाळ्यातून आत यायची, पाणी वाफ होताना तिची उष्णता घेऊन जायचं आणि दमट हवेला दुसरीकडून वाट द्यायची. आत्याच्या घामाचंच तत्त्व. वाट बंद केली आणि पाच मिनिटांत खोलीत दादर अवतरलं.

शेवटी कुलर बंद करून आत्याने फोडणी टाकली. नेमकं तेव्हाच थोरल्याला उकडलं आणि त्याने बटण दाबलं. कुलरने तो लाल मिरचीचा ठसका गोळा केला आणि अजिबात पंक्तिप्रपंच न करता सगळ्यांना वाटला. आठ माणसं, तोंडात टॉवेल, पदर, रुमाल कोंबून, आवाज न करता शिंकत होती. मेव्हणे उशीत शिंकले.

भिंतीवरच्या फटीतून आवाज आला, "हिंग घातलाय का?"

पातेल्यातल्या उकळीशिवाय काही ऐकू येईना.

हिंग राहिलाच होता. थोड्या वेळाने शेजारचे हिंगाची डबी, दोन कांदे आणि आपली ताटली घेऊन दारात उभे. बायकोने माफी मागितली. आमच्या आवाजाने तुमची झोप मोडली.

"काय म्हणालात?" त्यांनी कान पुढे केला. बायको मोठ्याने बोलली.

"छे हो, वासाने मोडली. प्रेस शॉपला बारा वर्षं काढलीत ताई. उशाशी कुकर ठेवलात तरी मी कूस बदलायचो नाही."

भाच्याने हातातलं शेंगोळं ताटात ठेवलं, उठला आणि ट्रंक उघडली.