कार्बाइनला गवसणी

आमच्या गल्लीतल्या अण्णांनी बंदुकीच्या आधी बंदुकीची गवसणी शिवून घेतली. येवल्याचा माणूस ताडपत्रीची गवसणी कशी शिवेल? वहिनी माहेरी गेल्या होत्या, त्यांची लग्नातली पैठणी कपाटात होती आणि कात्री शिलाई मशीनच्या खणात. बाहेरून बांगडी मोर, आतून फ्लॅनेल, तोंडाशी नाडी. शिंप्यानं विचारलं, "तंबोरा का?" अण्णा म्हणाले, "कार्बाइन."

माप त्यांनी मोबाइलवरून घेतलं होतं. तिकडे अमेरिकेत एक टोपीवाला गृहस्थ दुपारी दुकानात जातो, पिस्तुलाच्या गोळीची कार्बाइन घेतो आणि चहाच्या वेळेला रेंजवर लोखंडी ताटल्या ठणाठण वाजवत असतो. गोळी पिस्तुलाची, बांधा रायफलीचा. धक्का कमी, नेम पक्का. हा सिनेमा अण्णा रोज रात्री जेवण झाल्यावर बघतात. त्या देशात रायफलीची नळी 16 इंचांपेक्षा आखूड असली की वेगळे कागद रंगवावे लागतात, म्हणून टोपीवाल्याची नळी 16 इंची. म्हणून गवसणीही 16 इंची नळीच्या बेतानं. आता फक्त कार्बाइन आणायची राहिली होती.

नाशिकच्या दुकानात मी सोबत गेलो. दुकानदारानं चहा मागवला, गवसणीचं अस्तर जरा उचलून पाहिलं, "दोन्ही बाजू सारख्या, हातमागाचीच आहे," असा निर्वाळा दिला आणि 2016 च्या शस्त्र नियमांची पुस्तिका पुढे सरकवली. पहिल्याच अनुसूचीत लिहिलंय: सरकारी 9 मिलिमीटरची गोळी ज्यात बसते ती पिस्तुलं, रिव्हॉल्व्हरं आणि कार्बाइन निषिद्ध. त्यांचा परवाना द्यायचा तर दिल्लीच देणार, जिल्ह्याच्या हातात ते नाही. अण्णांना वाईट वाटायच्या ऐवजी अभिमानच वाटला. "बघा, नाव घेऊन लिहिलंय! म्हणजे आपली निवड चुकलेली नाही."

"बारा बोअर घ्या," दुकानदार म्हणाला. अण्णांनी टेप काढली. बारा बोअरची नळी 20 इंचांपेक्षा आखूड असली तर तीही निषिद्ध. म्हणजे कायद्यात बसेल ती गवसणीत बसणार नाही आणि गवसणीत बसेल ती कायद्यात. "चार इंच बाहेर राहील," अण्णा पुटपुटले, "मोरांची मुंडकी वर सरकवून शिवता येईल का?" मग .32 चं पिस्तूल निघालं. ते गवसणीत टाकून बघितलं तर पोत्यात एकच कांदा राहावा तसं तळाशी जाऊन बसलं. दुकानदाराला घाई नव्हती. दिवसभरात आम्हीच दोघं आलो होतो.

शेवटी अण्णांनी विचारू नये ते विचारलं. "चालवून कुठे बघायची?"

दुकानदार आमच्याकडे बघत राहिला. येवल्यात पैठणी घ्यायला बाई आली तर तिच्यापुढे तीस घड्या मोडतात, आरशासमोर पदर खांद्यावर टाकून दाखवतात, उन्हात नेऊन रंग दाखवतात आणि तरी ती "उद्या येते" म्हणून निघून जाते. लाखाची बंदूक मात्र बघायची फक्त डोळ्यांनी. "चालवायची कशाला?" दुकानदार म्हणाला. "ठेवायची वस्तू आहे ही." बरोबरच आहे. दसऱ्याला तिला हळदकुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची, तेल द्यायचं. वरातीत उडवली तर 2019 च्या दुरुस्तीनं दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. आणि निवडणूक लागली की ठाण्यात जमा. 2024 साली मे महिन्यात लोकसभा, नोव्हेंबरात विधानसभा. बंदुकीचा निम्मा मोसम सासरी, निम्मा माहेरी. एवढ्या जाण्यायेण्याला चांगली गवसणी हवीच, हा अण्णांचा मुद्दा मी मान्य केला.

तरी अर्ज भरायला घेतलाच. तो 'कारण' या रकान्यापाशी अडला. जिवाला धोका आहे म्हणावं तर अण्णांना आजवर कुणी साधी शिवीसुद्धा लेखी दिलेली नाही. मग शेतीसंरक्षण. राजापूरच्या अंगाला त्यांचा दीड एकर मका आहे आणि ममदापूरच्या माळावरची काळविटं तो आपला समजून खातात. कारकुनानं विचारलं, "काळवीट मारणार?" काळवीट वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत. "नाही हो," अण्णा म्हणाले, "नुसती दाखवणार." अर्ज परत.

आता कायदा कडक आहे याबद्दल माझी तक्रार नाही. 1878 साली इंग्रजांनी तो केला तेव्हा गोऱ्यांना परवान्यातून सूट होती. 1959 चा आपला कायदा निदान सगळ्यांना सारखाच छळतो. गल्लोगल्ली कार्बाइन नकोतच. मला राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा, आणि सदर माझं आहे म्हणून सांगून टाकतो. अण्णांनी बंदूक मागितली तर डॉक्टरचा दाखला, शस्त्र कसं हाताळायचं याच्या प्रशिक्षणाचा दाखला, पोलिसांची चौकशी, तिजोरीत ठेवीन असं हमीपत्र. आणि त्याच गावात संक्रांतीच्या आठवडाभर आधी आठवीतलं पोर खाऊच्या पैशांत नायलॉन मांजाचं रीळ घेतं. 2017 पासून देशभर बंदी असलेलं! दुकानदार "नाही, नाही" म्हणतो आणि पोत्याखालून काढून देतो. कारणाचा रकाना नाही, वयाचा दाखला नाही, कुणाकुणाचे गळे कापणार आहात याची यादी नाही. गेल्या भोगीला मी स्कूटरवरून दळण घेऊन येत होतो. मफलर होता म्हणून हे सदर चालू आहे, नाहीतर श्रद्धांजलीच्या चौकटीत छापून आलो असतो. मफलर दोन जागी चिरला, हनुवटीखाली रेघ अजून आहे. आसारीवर, म्हणजे आमच्याकडच्या फिरकीवर, साधा दोरा गुंडाळून, गच्चीवर हलकडी वाजवत तीन दिवस पतंगांनी आभाळ भरून टाकणारं हे गाव, आणि त्याला आता पतंग कापायला काच पुरेना, माणूस कापणारा दोरा लागतो. गोळीला निदान आवाज तरी असतो. रीळ जप्त झाल्याचे फोटो दरवर्षी येतात, आणि रिळंही.

असो. अण्णांनी अखेर छऱ्याची बंदूक आणली. .177 ची, 20 जूलच्या आतली, तिला परवाना लागत नाही. दिसायला कार्बाइन. गवसणीतून वीतभर नळी बाहेर राहते. त्यावर त्यांनी उरलेल्या काठाचं टोपडं शिवलं. रविवारी सकाळी त्यांच्या गच्चीवर रेंज-चाचणी झाली. दहा मीटरवर लग्नपत्रिका टांगली होती. पहिला छरा कुठे गेला ते कळलं नाही. दुसरा माझ्या सोलरच्या काचेच्या नळीला लागला. "नेम उजवीकडे ओढतोय," अण्णा वहीत नोंद करत म्हणाले. मी नळी बदलेपर्यंत गार पाण्यानं आंघोळ करतोय.

सोमवारी वहिनी माहेराहून आल्या. छऱ्याची बंदूक आता नागडी कोपऱ्यात उभी आहे आणि टोपड्यासकट गवसणी वहिनींच्या कपाटात जमा. तूर्त कुठलीही निवडणूक नाही. तरी ती परत मिळणार नाही.