बोडोनीचा तोरा

काही अक्षरांच्या अंगातच तोरा असतो. 'व्होग' किंवा 'हार्पर्स बझार' या मासिकांची मुखपृष्ठं डोळ्यांसमोर आणा. उभी रेघ चांगली जाडजूड, आणि तिला जोडणारी आडवी रेघ इतकी बारीक, की ही छापलीय की पानावर केस पडलाय अशी शंका यावी. मधलं काही नाहीच. मुखपृष्ठावरच्या सुंदरीचं डोकं दोन अक्षरांवर आलं तरी मासिकाचं नाव कळायचं ते कळतंच. अक्षरं जराही विचलित होत नाहीत. सौंदर्यवतींच्या मागे उभं राहण्याची त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे.

या घराण्याचे मूळपुरुष दोन ठिकाणचे. पॅरिसमध्ये छापखानेवाल्यांचं दिदो कुटुंब आणि इटलीत पार्म्याला नाव काढलेला जांबात्तिस्ता बोडोनी. जन्म १७४०, बाप छापखानेवाला. उमेदवारी झाली रोममध्ये, धर्मप्रसारकांच्या छापखान्यात, तीही पौर्वात्य लिप्यांच्या खिळ्यांवर. १७६८ साली पार्म्याच्या ड्यूकनं त्याला आपल्या छापखान्यावर नेमलं, आणि बोडोनीचं भलं झालं. गिऱ्हाइकाचा तगादा नाही, कागदाच्या भावाची चिंता नाही. त्यामुळे त्याच्या पानांवर मजकूर थोडा आणि मोकळी जागा ऐसपैस. एका पानात किती मजकूर कोंबता येईल, या विवंचनेत आयुष्य काढलेल्या आपल्याकडच्या संपादकांना ती पानं पाहून भोवळ येईल. मुद्रितशोधनाकडे मात्र त्याचं फारसं लक्ष नसे. पुस्तकं देखणी, पण मजकुराची खात्री नाही, असा बोलबाला तेव्हाही होता. मला हे अगदी समजतं. इतकं सुंदर अक्षर पाहिल्यावर शुद्धलेखन तपासायचं कुणाला सुचेल?

ही नजाकत एकट्या बोडोनीची नव्हे. त्याच्या आधी बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिलनं कागद गुळगुळीत केला, शाई काळीभोर केली. खरबरीत कागदावर ती केसाएवढी रेघ उमटलीच नसती. म्हणजे अर्धं श्रेय कागदाचं. पण कागदाला कोण विचारतो?

स्वतः छापखानेवाला असलेल्या बेंजामिन फ्रँकलिननं बोडोनीला कौतुकाचं पत्र धाडलं. पुढे शंभरेक वर्षांनी इंग्लंडच्या विल्यम मॉरिस या कलावंत-मुद्रकाला हीच अक्षरं भयंकर कुरूप वाटली. मधल्या काळात लंडनच्या लोकांनी तर कमालच केली. त्यांनी उभ्या रेघा आणखी खाऊपिऊ घालून फुगवल्या आणि ती लठ्ठ अक्षरं लॉटरीच्या जाहिरातींवर बसवली. ड्यूकच्या दरबारातून थेट लॉटरीच्या भिंतीवर! मला तो लठ्ठ अवतारही आवडतो. पोट सुटलं तरी आडव्या रेघेची नजाकत त्यानं सोडलेली नाही.

या टाइपाचा स्वभाव सांगायचा तर प्रत्येक घराण्यात एक आत्याबाई असतात तसा. त्या दारात आल्या की सगळे ताठ बसतात, फोटोत मधोमध त्याच. पण पंगतीत वाढायला त्यांना कुणी बोलवत नाही. हा टाइप पुस्तकाच्या नावाला लावा, अत्तराच्या बाटलीला लावा, नाटकाच्या जाहिरातीला लावा. त्याच्याकडून औषधाच्या पुडीवरच्या सूचना वाचून घेऊ नका. बारीक आकारात आडव्या रेघा अंतर्धान पावतात आणि उरतात नुसते उभे खांब. त्यातून एखाद्या हौशी कलाकारानं रंगीत फोटोवर पांढऱ्या अक्षरांत मजकूर टाकला, की छापताना चार रंगांच्या प्लेटा जराशा हलल्या तरी शाई त्या बारीक पांढऱ्या रेघांत शिरते आणि वाक्याचा निकाल लागतो.

खरं तर यात बोडोनीला बोल लावू नये. शिशाच्या खिळ्यांच्या काळात प्रत्येक आकाराचा ठसा वेगळा कोरावा लागे, आणि लहान आकारात तो बारीक रेघ जरा दणकट ठेवी. संगणक आला आणि एकच आकृती सगळ्यांसाठी लहानमोठी होऊ लागली. १९९४ साली आयटीसी कंपनीनं बोडोनी नव्यानं काढला तेव्हा सहा, बारा आणि बहात्तर पॉइंट अशा लहानमोठ्या आकारांसाठी तीन वेगळी रेखाटनं केली. दोनशे वर्षांपूर्वी पार्म्याच्या कारागिराला जे माहीत होतं, ते यंत्राला पुन्हा शिकवावं लागलं.

आपल्या देवनागरीत जाड-बारीक रेघांचं नवल नाही. बोरूनं ते केव्हाच शिकवलंय. गंमत पुढे आहे. उभी रेघ जाड आणि आडवी केसाएवढी, हा बोडोनीचा कायदा आपल्या अक्षरांना जसाच्या तसा लावला, तर पहिली गदा येते शिरोरेखेवर. ती आडवीच. बारीक करावी तर सगळी ओळ ज्याला लटकलेली असते तेच गायब. जाड ठेवावी तर नजाकत गेली. शिवाय वेलांट्या, रफार, जोडाक्षरांच्या गाठी आहेतच. तरीही या मार्गानं जाणारे आहेत. इंडियन टाइप फाउंड्रीचा 'रोझा वन' हा देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांचा टाइप याच जातीचा, आणि तो फुकट मिळतो. मोठ्या आकारात त्याचा 'क' पाहा. त्याचं पोट आणि शेपूट यांवर जीव जडतो.

फुकट मिळतो हीच मात्र चिंता आहे, कारण आपल्याकडे फुकटची गोष्ट सगळीकडे वापरली जाते. तेव्हा घरी लग्नपत्रिका छापायची असेल तर वधूवरांची नावं खुशाल या अक्षरांत, भरपूर मोठी घ्या. मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता आणि बसस्टॉपची खूण मात्र साध्या टाइपात असू द्या. पाहुणे वेळेवर पोचले पाहिजेत, आणि त्यांतले निम्मे चष्मा घरी विसरून निघतात.